कपाशीच्या पाकिटावरचा भाव: संशोधनाचा खर्च सरकारला कळतो कसा?

पांढरंसोनं (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा बाबांचा फोन आला, बीजी-टू चं (म्हणजे दोन जनुकांच्या बीटी कापसाचं) पाकीट २०२५ ला ९०१ रुपयांना झालं म्हणाले, २०२४ ला ८६४ होतं. मग नेहमीसारखं कंपन्यांच्या नावाने पाच मिनिटं ऐकून घेतलं. पण फोन ठेवल्यावर डोक्यात आलं की हा ९०१ चा आकडा येतो कुठून? केंद्र सरकार दरवर्षी काढतं हे माहितीये. पण काढणाऱ्या समितीला बियाण्यातल्या जनुकामागचा संशोधनाचा खर्च कसा कळतो? एमए ला इकॉनॉमिक्स होतं, त्यातलं थोडं आठवतंय त्यावर लिहितोय, चुकलो तर सांगा.

आधी इतिहास थोडक्यात. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचे तीन संकरित वाण होते. ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० च्या घरात, नंतर १८५० पर्यंत गेलं आणि त्यातले १२५० नुसते जनुकाचे, म्हणजे ट्रेट फी. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, अमेरिका आणि चीनमध्ये एवढी फी घेत नाहीत मग इथे का असा मुद्दा होता, आणि पाकीट ७५० वर आलं. बाकीची राज्यं मागोमाग आली, आपल्याकडे तर २००९ ला वेगळा कापूस बियाणे कायदाच केला. मग डिसेंबर २०१५ ला केंद्राचा किंमत नियंत्रण आदेश, मार्च २०१६ ला बीजी-टू ८०० रुपये आणि ट्रेट फी १६३ वरून थेट ४९. पुढे ३९, मग २०, आणि २०२० ला शून्य.

आता गंमत बघा. १२५० पासून शून्यापर्यंतच्या या प्रवासात खरा खर्च कुठेच नाहीये! कंपनीला माहीत आहे, ती सांगणार नाही, आणि विचारलं तर वाढवूनच सांगणार कारण जेवढा खर्च दाखवाल तेवढा भाव मिळणार. बॅरन आणि मायर्सन या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९८२ मध्ये नेमकं हेच गणित मांडलं होतं, की ज्याचा खर्च आपल्याला दिसत नाही अशा मक्तेदाराला वेसण घालायची तर त्याच्या गुपिताची थोडी किंमत मोजावीच लागते. फुकट खरं कुणी बोलत नाही. तुम्ही भाव फार आवळला तर ज्याचा खर्च खरंच जास्त आहे तो दुकान बंद करून जातो, सैल सोडला तर ज्याचा कमी आहे तो मलई खातो, आणि समोर बसलाय तो कोणता हे तुम्हाला माहीत नाही.

संशोधनात तर आणखी एक भानगड. बोअर मारताना तीन कोरडे गेले आणि चौथ्याला पाणी लागलं तर पाण्याचा भाव कशावर धरायचा, चौथ्या बोअरच्या खर्चावर की चारही? आणि पाणी लागून गेल्यावर सरकार म्हणणार की आता मोटर चालवायला फक्त विजेचं बिल येतं, तेवढंच घे. आज ते बरोबरच वाटतं. पण पुढच्या वर्षी बोअर कोण मारेल?

माझं मत असं की सरकारने भाव धरला कारण भाव पाकिटावर छापलेला असतो, दिसतो. जे दिसत नव्हतं ते सोडून दिलं. तुम्हाला काय वाटतं?

---

कृषीकेंद्रवाला

छान लिहिलंय. पण एक सांगतो, काउंटरच्या या बाजूने. पाकिटावरचा भाव ही एकच गोष्ट गिऱ्हाईक वाचतं असं तुम्ही म्हणता, अहो ते पण वाचत नाहीत, नाव वाचतात. २०१२ पर्यंत बीटी च्या हजारावर वाणांना परवानगी होती. हजार! जनुक तेच एक-दोन, आणि हजार नावं. सीझनला माझ्याकडे शंभरेक नावं मांडलेली असायची, मलाच फरक सांगता यायचा नाही, कंपनीचा माणूस जे मार्जिन देऊन जाईल ते पुढे. आणि भाव सगळ्यांचा सारखाच, कारण वर टोपी घातलेली. मग चांगलं वाण काढणाऱ्याला फायदा काय? तो जास्त भाव लावूच शकत नाही. म्हणून मग पैसा जातो गावातल्या भिंती रंगवण्यात, डीलरला टूर मध्ये आणि ‘अमुक गावात एकरी पंधरा क्विंटल’ च्या बॅनर मध्ये.

---

पांढरंसोनं

@कृषीकेंद्रवाला, तुम्ही अर्थतज्ज्ञ अकरलॉफ सांगितलात की हो :) १९७० चा त्याचा जुन्या गाड्यांचा मुद्दा. घेणाऱ्याला चांगलं वाईट ओळखता येत नसेल तर चांगल्याला चांगल्याचा भाव मिळत नाही, मग चांगला माल बाजारातून हळूहळू निघून जातो. गाडी निदान चालवून बघता येते. सरकी जूनला टोचायची आणि कळणार नोव्हेंबरला, तेही पाऊस कमी पडला म्हणून गेलं की बी खराब होतं म्हणून, हे तेव्हाही कळत नाहीच.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ तुमचं सगळं खरं हाय पण आमी काय समजावं. मी यवतमाळकडचा, बारा एकर, सगळी पऱ्हाटी. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं असं केलं का बोंड फोडून पाहावं तं आतमंदी सरकी कमी आन अळ्या जास्त. बीटी म्हनून पैसे देल्ले, अळी येत नाई म्हनून देल्ले. मंग नुकसानभरपाईच्या त्या जी फॉर्म साठी लाईनीत उभं राहा, बिल दाखवा, पाकीट दाखवा, टॅग दाखवा. आमच्या गावात अर्ध्या लोकायजवळ बिल नवतं. पाकिटं तं चुलीत गेलती. सरकारनं हेक्टरी तीस हजार आठशे सांगितले कोरडवाहूले, त्यातले सोळा हजार कंपन्यायकून घेऊ म्हने. कंपन्या गेल्या कोर्टात. मले शेवटी किती भेटले ते इचारू नका, बायको वाचते हे.

---

निवांत_नाना

धागाकर्ते, लेख चांगला पण मला यात कंपनीचा वास येतोय. ‘भाव आवळला म्हणून संशोधन थांबलं’ हे पालुपद २०१६ पासून ऐकतोय. कापसात नवीन जनुकाला शेवटची व्यापारी परवानगी २००९ ची. भाव केंद्राने धरला २०१५ च्या शेवटी. मधली सहा वर्षं काय झालं होतं? फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्यावर स्थगिती आणली आणि त्यानंतर शेतात चाचणी घ्यायलाच राज्यांची ना हरकत लागायला लागली, ती मिळेना. गाडी आधीच बंद पडलेली, ब्रेक नंतर लागला. आणि हो, संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावंच लागतं, त्यामुळे कंपनीला पेटंटशिवायच कुलूप मिळालेलं होतं. एवढी सोय असताना वर १२५० रुपये फी, याला बोअरचा खर्च म्हणायचं का लूट?

---

पांढरंसोनं

नाना, वास बिस काही नाही, माझ्याच घरी कापूस आहे. पण तुमचा तारखांचा मुद्दा बरोबर, मी तो सोडून दिला होता. परवानगीचं अडलेलं गाडं वेगळं आणि भावाचं वेगळं, दोन्ही मिळून झालं असं म्हणू. तरी २०१६ बघा. मे महिन्यात केंद्राने नियम काढला की ज्याच्याकडे जनुक आहे त्याने मागेल त्या बियाणे कंपनीला परवाना द्यायचाच, फी दहा टक्क्यांच्या आत आणि पाच वर्षांनी ती पण दरवर्षी घटवत न्यायची. आठवड्याभरात तो मागे घेऊन मसुदा म्हणून सूचना मागवल्या. ऑगस्टला बातमी आली की तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या कापसाचा, बीजी-टू आरआरएफ चा, अर्जच महिकोने मागे घेतला. त्यांच्या पत्रात हाच आक्षेप होता, तंत्रज्ञान जबरदस्तीने वाटायला लावताय. धमकी असेल, नाटक असेल, मान्य. पण धमकी खरी का खोटी हे सरकारला कळत नाही, हाच तर धाग्याचा विषय आहे ना.

---

ताळेबंद

सीए आहे, पुण्यात. शेतीतलं कळत नाही पण ‘कंपनी खर्च वाढवून सांगणार’ यावर दोन शब्द, कारण त्यावर माझं पोट चालत होतं काही वर्षं.

आयकर कायद्यात कलम ३५(२एबी) होतं. स्वतःच्या कारखान्यात संशोधन केलंत तर झालेल्या खर्चाच्या दुप्पट वजावट. शंभर खर्च करा, दोनशे दाखवा. हेतू चांगला, कारण संशोधनाचा फायदा शेजाऱ्याला पण होतो म्हणून कंपन्या हात आखडता घेतात, सरकारने थोडं ढकलायचं. पण संशोधन म्हणजे काय? क्वालिटी कंट्रोल चा केमिस्ट संशोधक आहे का? दिल्लीतला डीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन) विभाग प्रयोगशाळेला मान्यता द्यायचा, मग आकडा तपासून ३सीएल नावाचा रिपोर्ट आयकर खात्याला. आता दिल्लीत बसून चाकण मधल्या शेडमधला कोणता माणूस संशोधन करतोय आणि कोणता रोजचं काम, हे कसं कळणार हो. एका क्लायंटकडे (नाव विचारू नका) मार्च महिन्यात अख्खा विभागच ‘आर अँड डी’ झाला होता, दारावरची पाटी बदलून. पाटीचा खर्च पण त्यातच धरायचा का असं विचारलं होतं मला, गंभीर चेहऱ्याने.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २०१७ च्या एप्रिलपासून दुपटीचं दीडपट झालं आणि २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट. म्हणजे खोटं ओळखता येईना म्हणून खऱ्याचं पण बंद केलं.

---

निवांत_नाना

वा! ताळेबंद साहेब, म्हणजे भावाला टोपी घातली तरी फसणार आणि करात सूट दिली तरी फसणार. मग सरकारने स्वतःच संशोधन करावं. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे कशाला?

---

जालन्याचा_जावई

नाना, नागपूर आणि धारवाडने मिळून केलं होतं ना, बिकानेरी नरमा बीटी, सरळ वाण, घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येईल असं. २००८ ला परवानगी, २००९ ला शेतात, आणि नंतर बियाण्यात दुसऱ्याच जनुकाचे अंश सापडल्यावरून मागे घ्यावं लागलं. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. ते चाललं असतं तर आज हा धागाच निघाला नसता.

मी बियाणे कंपनीत ब्रीडर होतो सतरा वर्षं, आता निवृत्त, म्हणून मोकळेपणी लिहितो. खर्च कुणालाच माहीत नसतो. कंपनीला पण नाही! आम्ही एका खरिपाला शेकड्याने संकर करायचो, त्यातले चार-पाच पुढे जायचे, एखादा विकला जायचा. अकाउंटवाला येऊन विचारायचा या वाणाचा खर्च किती, मी म्हणायचो तुला किती पाहिजे? मजूर सगळ्या प्लॉटवर तेच, गाडी तीच, माझा पगार तोच. वाटणी कशी करायची ते ज्याला आकडा दाखवायचा त्यावर ठरायचं. बँकेला एक, करवाल्यांना एक, भाव ठरवणाऱ्यांना तिसरा. याला खोटं म्हणता येत नाही बरं का, तिन्ही हिशोब नियमात बसतात.

पण धागाकर्त्यांचं ‘जे दिसत नव्हतं ते सोडून दिलं’ हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते सोडून सगळे भावावर भांडताय. न दिसणारी गोष्ट कोणती होती, तर रेफ्युजी. बीटी च्या भोवती नॉन बीटी च्या पाच ओळी नाहीतर वीस टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते लावायचं, म्हणजे काही अळ्या तिथे जगतात आणि सगळीच जात सोकावत नाही. १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट सोबत असायचं. कुणी लावलं?

---

कृषीकेंद्रवाला

कुणीच नाही. दुकानाच्या बाहेर पडलेली असायची ती पाकिटं. मी गोळा करून ठेवायचो. एकदा एक अधिकारी आले, म्हणाले सगळ्यांना वाटता ना, म्हटलं हो साहेब वाटतो. वाटतच होतो की.

---

वऱ्हाडी_ठेचा

काहून लावावं? माह्या वावरात मी वीस टक्के अळीले चारू आन शेजाऱ्याचं पीक वाचवू? शेजारी लावत नाई तं माह्यं लावून उपेग काय. आन ते नॉन बीटी चं बी अर्ध उगतच नवतं. साहेब कदी बांधावर आले नाई पाहाले.

---

जालन्याचा_जावई

बघा. वऱ्हाडी भाऊंनी एका ओळीत सांगितलं. त्यांच्या बांधावर काय पेरलंय ते त्यांना माहीत, कृषी खात्याला नाही, कंपनीला नाही. कंपनीला काय माहीत होतं? अळी किती सोकावली ते, कारण दरवर्षी नमुने त्या गोळा करायच्या. गुजरातमध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट इथे पहिल्या बीटी ला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे मार्च २०१० मध्ये जनुकवाल्या कंपनीने स्वतःच जाहीर केलं. आणि त्याचबरोबर सल्ला, आता दोन जनुकांचं बीजी-टू लावा. ते २००६ पासून बाजारात होतंच. पुढे चार-पाच वर्षांत त्यालाही अळी पचवायला लागली. मी कंपनी खोटं बोलली म्हणत नाही. पण ज्याला आपला माल चालतोय का हे तपासायचंय आणि ज्याला तो विकायचाय तो एकच माणूस, यात कुणालाच काही खटकलं नाही. भावाचा अर्धा रुपया वाढवायला समिती बसायची, आणि अळी मोजायला कुणाला बसवलं?

---

मृदगंध

मी ॲरिझोनात असते, टूसॉनजवळ. इथेही कापूस होतो आणि इथेही तीच गुलाबी अळी होती, म्हणून लिहितेय. इथे सुरुवातीची दहा वर्षं रेफ्युजी सक्तीची होती आणि शेतकऱ्यांनी खरंच लावली, विद्यापीठाचे लोक दरवर्षी शेतातून अळ्या गोळा करून तपासायचे, म्हणजे कंपनीपेक्षा वेगळे डोळे होते. २००६ पासून नपुंसक पतंग विमानातून सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की कापसाच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपली. जनुक तेच बरं का, जे यवतमाळला २०१७ ला हरलं. अर्थात इथे एकेकाचं हजार हजार एकर, शेतकरी थोडे, त्यांची संघटना स्वतःच वर्गणी काढून हे करायची. विदर्भात दोन-अडीच एकरवाल्या लाखो लोकांना वीस टक्के सोड म्हणणं वेगळं, तुलना तंतोतंत नाही.

---

निवांत_नाना

मृदगंध, धन्यवाद, हे माहीत नव्हतं. माझा राग थोडा दुसरीकडे वळवतो. पण मग ट्रेट फी शून्य केली ते बरोबरच झालं ना, जनुक चालतच नाही तर पैसे कशाचे?

---

पांढरंसोनं

नाना, आज शून्य योग्य असेलही, हिरव्या बोंडअळीवर ते अजून चालतं हा भाग सोडला तर. पण बघा, फी जर पहिल्यापासून अळीला जोडली असती? म्हणजे पुढच्या जनुकाला असं सांगायचं: दोन पर्याय आहेत, निवडा. एक, कमी फी पण पक्की. दोन, जास्त फी, पण दरवर्षी नागपूरच्या संस्थेने शेतातून गोळा केलेल्या अळ्यांवर जनुक किती चाललं त्यावर, घसरलं की फी घसरणार. आपला माल किती वर्षं टिकेल हे कंपनीला सगळ्यात चांगलं माहीत असतं, ज्याला खात्री आहे तो दुसरा घेईल. काय घेतलं यावरूनच आपल्याला कळतं त्याला काय माहीत आहे. लाफाँ आणि तिरोल या अर्थतज्ज्ञांच्या कामात अशी करारांची ताटं वाढून ठेवायची कल्पना आहे, तिरोलला २०१४ चं नोबेल मिळालं त्यात हा मोठा भाग. शिवाय मग रेफ्युजी लावली गेली का याची काळजी कंपनीच करेल, नुसतं पाकीट सोबत देऊन मोकळी होणार नाही.

---

कृषीकेंद्रवाला

ऐकायला झकास. पण आता बॅगमध्येच नॉन बीटी मिसळून येतं, ४७५ ग्रॅमची बॅग, वेगळं पाकीटच नाही. त्यामुळे तो प्रश्न थोडा सुटला, वीस वर्षं उशिरा. आणि तुमचा करार होईपर्यंत इकडे बाजार कुठे पोचलाय माहितीये का? चोर बीटी. तणनाशकवालं, परवानगी नसलेलं. माझ्या दुकानात नाही, पण गावात रात्री मोटारसायकलवर येतं. पाकिटावर पत्ता नाही, भाव नाही, बिल नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

आन तरी लोक बाराशे-पंधराशे देतात. निंदाले बाई भेटत नाई तीनशेच्या खाली, मंग काय करता. २०१९ ले अकोटकडं शेतकरी संघटनेनं तं सभा घेऊन उघड पेरलं.

---

ताळेबंद

म्हणजे सरकारने ठरवलेला भाव नऊशे, आणि ज्याचा काहीच भरवसा नाही त्याला शेतकरी पंधराशे देतोय. जनुकाची किंमत शून्य ठरवणाऱ्या समितीला एवढी एक माहिती फुकट मिळत होती.

---

निवांत_नाना

ज्या बीजी-टू आरआरएफ चा अर्ज मागे घेतला, त्याच गुणाचं हे बियाणं ना? म्हणजे संशोधन आलंच, फक्त परवानगी, रेफ्युजी, बिल, नुकसानभरपाई एवढं सगळं सोडून आलं.

---

जालन्याचा_जावई

हो. आणि त्या पाकिटात आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आमच्याकडे एकाने तपासायला आणलं होतं, निम्म्या बियात तणनाशक सोसायचा गुण नव्हताच. फवारलं असतं तर तणासोबत पऱ्हाटी पण गेली असती.

---

वऱ्हाडी_ठेचा

जावईबापू, ते तपासाले किती खर्च येते आन कुटं होते तेवढं सांगा ना. पाऊस मृगात पडला तं आठ दिवसात डोबाचं हाय. कोनतं डोबाचं ते इथं लिहत नाई.

---

जालन्याचा_जावई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय भाऊ. घरच्या घरी एक साधी पद्धत आहे, कुंडीत पन्नास बिया लावून रोपं चार पानांची झाली की फवारून बघायचं. महिना लागेल पण.

---

वऱ्हाडी_ठेचा

महिना? मंग कशाले.